सेतुराव आणि चार बटणं

यंत्राशी मराठीत बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही तंजावरात.

मी साताऱ्याचा. एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायला म्हणून तिकडे गेलो, तेव्हा माझ्या तमिळची मजल "तण्णी" आणि "पोदुम" यांच्यापुढे गेलेली नव्हती. पाणी मागायचं आणि वाढणाऱ्याला पुरे म्हणायचं, एवढ्यावर मेसमध्ये दिवस निघत. त्या वर्षांत तिकडे भातखाचरांतून कॉलेजं उगवत होती. ज्याच्या त्याच्या पोराला कॉम्प्युटर शिकून बंगळूर गाठायचं होतं. भात निघालं की पाया खणायचा, पुढच्या जूनमध्ये फीत कापायची. आमचं त्यांतलंच एक. पहिल्याच आठवड्यात कॉम्प्युटर लॅबवरून जाताना आतून आवाज आला, "अगे बाई, काय झालें तुजला? कालपर्यंत बरी होतीस कीं."

मी दारातच थबकलो. आत पन्नाशीचे एक सडपातळ गृहस्थ उघड्या कॉम्प्युटरसमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. कपाळावर गोपीचंदनाची रेघ, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"आम्ही मराठीच," ते वर न बघता म्हणाले. "तीनशें वर्षें झालीं इकडे येऊन. तुम्ही कधीं आलांत?"

"सोमवारी."

"सरी. मग तुम्ही पाहुणे. बसा."

हे सेतुराव. लॅबचे प्रमुख. मुलं त्यांना राव सार म्हणत. मुलांशी ते तमिळ बोलत, प्राचार्यांशी इंग्रजी, आणि मराठी फक्त दोघांशी: घरी बायकोशी आणि लॅबमध्ये यंत्रांशी. मी तिसरा झालो. त्यांचं मराठी म्हणजे माझ्या पणजोबांनी तमिळ हेल काढून बोलावं तसं. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. माझं वर्तमानपत्र साताऱ्याहून चार दिवस शिळं होऊन येई, ते मी मोठ्यानं वाचायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "हा शब्द तुम्ही इंग्रजींतून आणलांत. आमच्याकडे बरा होता, नेला असतांत तर."

लॅबमधली यंत्रं जुनी होती. कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेली, संस्थेनं उचललेली. सेतुरावांनी त्या सगळ्यांवर लिनक्स हे सॉफ्टवेअर चढवलं होतं, कारण ते फुकट होतं आणि ते उघडून आत बघता येत होतं. न उघडणाऱ्या वस्तूंवर त्यांचा मुळातच राग. घरातलं मनगटी घड्याळ, देवघरातली दिव्याची माळ, स्वयंपाकघरातला मिक्सर, सगळ्यांची पोटं त्यांनी एकदा तरी फाडलेली होती. त्यांच्या बायकोचं म्हणणं, लग्नात माझ्याकडेही यांनी आधी स्क्रू कुठं आहेत अशा नजरेनंच पाहिलं.

तेव्हा पेनड्राइव्ह नवे आले होते. मुलं गळ्यात ताईत घालावा तशी ते घालून हिंडत आणि काम झालं की खसकन उपटून पळत. सेतुरावांना ते अजिबात खपायचं नाही. एकदा एक पोरगा असा उपटून दारापर्यंत गेला, तर त्याला परत बोलावून त्यांनी पेनड्राइव्ह पुन्हा लावायला लावला. "कोणाच्या घरीं गेलास आणि न सांगतां उठून आलास तर तुझी आई काय म्हणेल?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. "'पोयिट्टु वरेन' म्हण आणि मग काढ." त्या पोराला बिचाऱ्याला खरोखरच कॉम्प्युटरसमोर हात जोडून "जाऊन येतो" म्हणावं लागलं. वर्ग हसला. सेतुराव हसले नाहीत. त्यांच्या लेखी तो विनोद नव्हताच.

त्यांचा आणखी एक शब्द म्हणजे "ओळख पटूं द्या." काहीही जोडलं की ते लगेच कामाला लावत नसत. तारेच्या टोकावर दोन बोटं ठेवून क्षणभर थांबत. मी एकदा विचारलं की आत नेमकं होतं काय. त्यांनी सांगितलं ते गणितवाल्यालाही कळेल असं होतं. चालू यंत्राला बाहेरून काही जोडलं की आतला एक कारकून उठतो, आलेला कोण आहे ते बघतो, त्याला नाव देतो आणि त्याची खबर आत पोचवतो. हा कारकून म्हणजेही एक प्रोग्रामच. तो कोणता नेमायचा हे लिनक्समध्ये आपल्या हातात असतं. "आणि तेंच कोणी बघत नाहीं," ते म्हणाले. "सगळे नवरी बघतात. दारावर कोण बसवलें आहे तें कोणी विचारत नाहीं."

मेल वीधी या रस्त्यामागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. पुढं तिण्णै, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यानं टेकावं असा दाराबाहेरचा कट्टा. आत दोन खोल्या आणि मागं विहीर. मुलगा श्रीनिवास बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये. पद्माबाई, म्हणजे आमच्या वहिनी, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय लागलेला त्यांचा आवाज गल्लीच्या टोकालाही सहज पोचे. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नाही. "ऐकलेंत का?" अशी हाक यायची, आणि गल्लीतले तमिळ शेजारीही त्या हाकेला सरावलेले, ते तिण्णैवरून पुढं सांगायचे, "राव सार, तुम्हाला बोलावतायत." सेतुराव कुठंही असले तरी "आलों" म्हणून निघत. त्यांचं अर्धं आयुष्य त्या दोन शब्दांच्या मध्ये गेलं, असं ते गमतीनं म्हणायचे.

मग वहिनींच्या हातून खडू पडायला लागला. पुढं जीभ जड झाली. तिरुचीच्या डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते सेतुरावांनी मला इंग्रजीत सांगितलं आणि परत कधी उच्चारलं नाही. स्नायू एकेक करून गप्प होत जातात. डोकं मात्र शेवटपर्यंत जागं राहतं. औषध नाही.

दुसऱ्या कुणी देवाला नवस बोलला असता. सेतुरावांनी तोही बोलला असेल, पण पहिल्यांदा त्यांनी माइक आणला. वहिनींचा आवाज होता तेवढ्यात तो यंत्रात भरून ठेवायचा होता. मी तिथं होतो. पंखा बंद करून आम्ही घामाघूम बसलो होतो आणि वहिनी हजेरी घ्यावी तशी वाक्यं म्हणत होत्या. दिवसा सेतुराव कॉलेजात आणि घरी सेल्वी नावाची बाई त्यांना सांभाळणार, म्हणून तीन वाक्यं तमिळ. पाणी दे. पंखा लाव. आणि "कोंजम तिरुप्पि विडुम्मा," म्हणजे जरा कूस वळवून दे गं. सेतुरावांचा आग्रह होता, सगळं मराठीत म्हण. वहिनी जड जिभेनं म्हणाल्या, "सेल्वीला मराठी शिकवेपर्यंत मी तहानेनें मरेन." चौथं वाक्य मात्र मराठी झालं, कारण ते एकाच माणसासाठी होतं. "ऐकलेंत का?" त्या वाक्यात मागं गल्लीतल्या पालेभाजीवालीची आरोळी आली आहे. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. सेतुराव म्हणाले, "असूं दे. ती रोज येते, तीही घरचीच."

चार वाक्यांना चार बटणं. सेतुरावांनी लॅबमधले मोडीतले चार माउस फोडले आणि त्यांच्या तारांना गाद्यांसारखी मऊ बटणं लावली. एक उजव्या हाताखाली, एक डाव्या हाताखाली, एक पायापाशी आणि एक गालाशी. एकाच माउसची तार चार ठिकाणी नेली असती तर काम सोपं झालं असतं, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "एक तार तुटली तर चारही जातील. तिचें एकेक जातें आहे, माझें तरी एकदम जाऊं नये."

पुढं वहिनींची वाचा पुरती गेली, आणि मग ती दुपार आली. वीज गेली, दोन तासांनी परत आली. यंत्र आपोआप सुरू झालं, पण आतल्या कारकुनानं बटणांना आल्या क्रमानं नावं दिली, आणि क्रम बदलला. चारही माउस एकाच जातीचे, त्यांना स्वतःची ओळख अशी काही नव्हतीच. वहिनींनी पाण्याचं बटण दाबलं. त्यांच्याच आवाजात यंत्र म्हणालं, पंखा लाव. सेल्वीनं पंखा लावला. त्यांनी पुन्हा दाबलं, सेल्वीनं पंखा वाढवला. संध्याकाळी सेतुराव घरी आले तेव्हा वहिनी गारठलेल्या, ओठ सुकलेले, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात उचलत नव्हता. सेल्वी भिंतीशी बसून रडत होती, कारण तिनं सांगितलं तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सेतुराव लॅबमध्ये एकाही यंत्राशी बोलले नाहीत.

त्यानंतर कारकून कोणता नेमावा हा त्यांच्या घरचा प्रश्न झाला. जुना होता त्याचे दिवस भरत आले होते. नवा सर्वमान्य होता यूडेव्ह नावाचा. हुशार, सगळं जाणणारा, जगभर त्याचाच बोलबाला. तो बटणांना कायमची नावं देऊ शकला असता. पण त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या यंत्रावर तो जागा व्हायलाच फार वेळ घ्यायचा, आणि तेवढा वेळ वहिनींना वाचा नसायची. आणि वीज तर दिवसातून कितीदा तरी जायची. तिसरा होता एमडेव्ह. अगदी लहान. छोट्या यंत्रांसाठी कुणी केलेला. त्याला स्वतःची अक्कल बेताची, जे करायचं ते सगळं हातानं लिहून द्यावं लागे, पण हाक मारताच उठायचा.

श्रीनिवासचा बंगळुराहून फोन आला तेव्हा मी शेजारी होतो. तो तमिळमध्ये समजावत होता, अप्पा, सगळे यूडेव्ह वापरतात, तोच पुढं टिकणार, आणि नाही तर मी नवं यंत्रच पाठवतो. सेतुरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "पाठव. तें येऊन, मजला कळून, भरवशाचें होईपर्यंत हिला किती दिवस आहेत तें तूं सांग."

गंमत अशी की त्याच महिन्यात कॉलेजच्या लॅबसाठीही निवड करायची होती आणि तिथं त्यांनी यूडेव्हच बसवला. मी म्हटलं, हे काय, घरी एक आणि दारी एक? "कॉलेजांत मोठाच बरा," ते म्हणाले. "उद्यां मी नसेन, दुसरा कोणी येईल, त्याला तो ठाऊक असेल. घरीं दुसरा कोणी येणार नाहीं. घरचें मीच बघेन." इतकं साधं आणि इतकं खरं उत्तर मला सुचलं नसतं.

एमडेव्हला त्यांनी शिकवलं ते असं. बटणाचं नाव विचारू नको, ते कुठल्या भोकात बसलं आहे ते बघ. "पंगतीला वाढणाऱ्याला कोठें सगळ्यांचीं नांवें ठाऊक असतात? तो पान बघून वाढतो." यंत्राच्या मागच्या चार भोकांना त्यांनी खुणा केल्या. एकाला हळद, एकाला कुंकू, एकाला गोपीचंदन, एकाला काजळ. सेल्वीला वाचता येत नव्हतं, पण हळदीची तार हळदीत घालायची हे तिला एकदाच सांगावं लागलं. मग सेतुरावांनी मुद्दाम मेन स्विच बंद करून चालू केला. वरचा पंखा नीट वेग घेतो न घेतो तोच वहिनींनी पाण्याचं बटण दाबलं आणि यंत्र म्हणालं, पाणी दे. सेल्वीनं पाणी दिलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग त्यांनी पायाचं बटणच काढलं आणि बाकीची तीन तपासली. तिन्ही आपापल्या जागी होती. "एक गेलें तरी बाकीच्यांनीं गडबडूं नये," ते म्हणाले. "एवढेंच मागतों."

वहिनींनी मग चौथं दाबलं. "ऐकलेंत का?" मागून भाजीवाली ओरडली. सेतुराव तीन हातांवर उभे होते तरी म्हणाले, "आलों."

पुढचं वर्ष हे असंच चाललं, आणि ते मला नीट सांगता येत नाही. पाय गेला. सेतुरावांनी पायाची तार काढली, गुंडाळून फळीवर ठेवली. पंख्याचं वाक्य गेलं. सेल्वी अंदाजानं लावू लागली. मग डावा हात. पाणी आता नळीनंच द्यावं लागे, म्हणून पाण्याचं वाक्य गेलं. दर वेळी राहिलेली बटणं आपलं नाव न चुकवता सांगत. मला त्या बिनचूकपणाचा राग यायचा. सेतुराव मात्र प्रत्येक वेळी तारेवर दोन बोटं ठेवून थांबत आणि मगच ती काढत.

शेवटी उजवं बोटही थांबलं. गाल तेवढा हलत होता. गालाला एकच बटण, आणि वाक्यं दोन उरली. यंत्रानं एकेक वाक्य सुचवावं आणि हवं त्याला वहिनींनी दाबावं, असंही त्यांनी करून पाहिलं. पण त्या पाळीची वाट बघून गाल थकून जाई. एकच ठेवायचं ठरलं. डोळे मिटले की हो, उघडे ठेवले की नाही. सेतुरावांनी खाटेशी बसून विचारलं, "हांक ठेवूं?" वहिनींचे डोळे उघडे. "वळवायचें ठेवूं?" त्यांनी डोळे मिटले. सेतुरावांनी पुन्हा विचारलं, "हांक?" वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यांनी मला हे सांगितलं आणि हसण्याचा प्रयत्न केला. "मजला काढून टाकलें." मी म्हटलं, पाठीला जखमा झाल्यात, हाक मारून पाठ थोडीच वळते. "तेंच," ते म्हणाले. "आणि मी न बोलावतां येतोंच कीं. बरोबर आहे तिचें." मग बराच वेळ ते खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्याचं टोक रुमालानं पुसत बसले.

पोंगलच्या सुमारास वहिनी गेल्या. मी तेव्हा साताऱ्याला होतो. परत आलो तोवर सगळं उरकलं होतं, आणि सेतुराव लॅबमध्ये नेहमीच्या जागी बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली. एका पोरानं पेनड्राइव्ह खसकन उपटला. त्यांनी नुसतं पाहिलं.

वर्ष संपलं आणि मला साताऱ्याजवळ नोकरी लागली. निघायच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. आम्ही तिण्णैवर बसलो. मला स्टेशनवर न्यायला रिक्षा यायची होती. त्यांनी कॉफी आणली, माझ्या हातात दिली, आणि मी काही विचारलं नसताना बोलायला लागले.

"त्या सकाळीं सेल्वी नव्हती. सणाला पापनाशमला गेली होती. मी आंत दूध तापवत होतों. बटण वाजलें. 'कोंजम तिरुप्पि विडुम्मा.' मी आलों, खिडकीकडे वळवलें. चुलीपाशीं गेलों, पुन्हा वाजलें. आलों, भिंतीकडे वळवलें. पुन्हा. मी म्हणालों, आतांच वळवलें कीं गे. पुन्हा वाजलें. मजला वाटलें बटण अडकलें."

कॉफीवर साय धरली होती. ते तिच्याकडे बघत होते.

"यंत्र खाटेखालीं ठेवलेलें, मी तेथें शिरलों. तार बघितली, काढली, भोंक पुसलें, परत लावली. लगेच ओळख पटली. तेव्हां एकदां वाजलें. मी खालूनच म्हणालों, थांब गे, बघतों आहें. वर आलों तों ती नव्हती."

मी कप खाली ठेवला.

"बटण अडकलें नव्हतें," ते म्हणाले. "मागाहून मी सगळें तपासलें. यंत्रांत कांहीं दोष नव्हता. ती मजला बोलावत होती. हांक आम्ही काढून ठेवली होती, तर जें होतें त्यानेंच बोलावलें. आणि मी खाटेखालीं होतों."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते रडले नाहीत. मी रडलो.

रिक्षा आली. त्यांनी माझी बॅग आत ठेवली, रिक्षावाल्याला भाडं ठरवून दिलं, मला जपून जा म्हणाले. गल्लीच्या वळणावर मी मागं वळून पाहिलं. सेतुरावांनी कप उचलले, आपल्या दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. मग ते कप तसेच हातात घेऊन, वहिनींची हाक जिथून त्यांना पोचवली जायची त्या शेजाऱ्यांच्या तिण्णैवर जाऊन बसले.